चित्ता आपला की परका? कातड्याला विचारा

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आले. पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. त्या दिवसांत वाहिन्यांवर आणि वर्तमानपत्रांत एकच क्रियापद होते : परतला. सत्तर वर्षांनी चित्ता भारतात परतला. आता 'परतणे' या शब्दाचा आपल्याकडे अगदी साधा अर्थ आहे. जो गेला, तोच पुन्हा आला तर तो परतला. नोकरीसाठी गाव सोडलेला मुलगा गणपतीला घरी परतला, असे आपण म्हणतो. त्याच्याऐवजी त्याचा लांबचा चुलतभाऊ आला तर त्याचेही स्वागत होते, पण कुणी 'परतला' म्हणत नाही.

मग कुनोत आला तो कोण? गेलेलाच, की चुलतभाऊ? आणि चुलतभाऊ असेल, तर घराणे किती पिढ्यांपूर्वी वेगळे झाले?

हा शब्दांचा कीस वाटेल. पण याच मुद्द्यावर हा प्रकल्प एकदा सर्वोच्च न्यायालयात अडला होता. १५ एप्रिल २०१३ च्या निकालात न्यायालयाने आफ्रिकी चित्ता कुनोत आणण्याचा निर्णय रद्द ठरवला. आफ्रिकी चित्ता भारतात कधी नव्हताच, त्यामुळे त्याला आणणे म्हणजे मूळ अधिवासात पुन्हा वसवणे होत नाही, अशी त्यामागची भूमिका होती. पुढे २८ जानेवारी २०२० रोजी प्रयोग म्हणून परवानगी मिळाली. म्हणजे एका प्राण्याला कुठल्या नावाच्या खणात ठेवायचे, यावर कायदा, पैसा आणि काही जिवंत जनावरांचे नशीब अवलंबून होते. आणि ज्याच्याशी तुलना करायची, तो भारतीय चित्ता तर कधीच संपला होता. भारतातून तो नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले. त्याच्या काही वर्षे आधी कोरिया संस्थानच्या महाराजांनी मारलेले तीन चित्ते हे इथल्या चित्त्यांची शेवटची खात्रीलायक नोंद मानले जातात.

संपलेल्या प्राण्याचे वर्गीकरण करायचे तर हाती काय असते? हाडे, दात, कातडे आणि एखादे जुने चित्र. भारतीय चित्त्याला १८२१ मध्ये 'व्हेनाटिकस' हे वेगळे नाव मिळाले ते याच पद्धतीने, दिसण्यावरून. ही पद्धत टाकाऊ नव्हती. पण तिला दोन खोडी आहेत. दिसायला सारखे ते नातेवाईक, असे ती मानते. आणि दिसायला वेगळे ते परके, असेही.

दुसरी खोड कशी फसवते, हे न्यूझीलंडच्या मोआ या पंख नसलेल्या महाकाय पक्ष्याने दाखवले. माणूस तिथे पोचल्यावर थोड्याच काळात हे पक्षी संपले. त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या गटाची हाडे तीन आकारांची मिळत, म्हणून त्याच्या तीन प्रजाती केल्या गेल्या. २००३ मध्ये त्या हाडांतला डीएनए वाचला गेला, तेव्हा कळले की मोठी हाडे माद्यांची आणि लहान हाडे नरांची. मादी नराच्या अडीच पटींहून जास्त वजनाची! नवरा-बायकोला शतकभर दोन वेगळ्या खणांत ठेवले होते. तीनच्या दोन प्रजाती उरल्या, एकेका बेटाची एकेक.

पहिली खोड आपल्या अधिक जवळची आहे. नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या एका प्रचंड हत्तीला फाल्कनर आणि कॉटली यांनी १८४६ मध्ये 'एलिफस नमाडिकस' नाव दिले. महाराष्ट्रात गोदावरीच्या खोऱ्यातही या हत्तीचे अवशेष मिळाले आहेत. 'एलिफस' म्हणजे आपल्या आजच्या आशियाई हत्तीचा वंश. कवटीची ठेवण पाहून तज्ज्ञांनी या हत्तीला आणि त्याच्या युरोपातील भाईबंदाला आशियाई हत्तीच्या घरात बसवले होते. २०१७ मध्ये जर्मनीत सापडलेल्या, लाख-सव्वा लाखाहून अधिक वर्षे जुन्या हाडांतून युरोपीय भाईबंदाचा डीएनए मिळाला आणि तो जुळला आफ्रिकेच्या जंगली हत्तीशी. पुढच्याच वर्षी अधिक सखोल वाचन झाले तेव्हा चित्र आणखी गुंतागुंतीचे निघाले : एका जुन्या आफ्रिकी घराण्याचा मोठा वाटा, त्यात जंगली हत्तीचा आणि थोडा मॅमथचाही संकर. सरळ फांद्यांचा वंशवृक्ष काढणाऱ्यांची पंचाईत झाली. नर्मदा-गोदावरीच्या हत्तीचे नाते मात्र त्या जर्मन भाईबंदावरूनच ताडावे लागते.

जर्मनीतली हाडे बोलतात आणि आपली का नाही, हे पनवेलमध्ये राहणाऱ्याला फार समजावून सांगावे लागू नये. जुलैत कपाटातला चामड्याचा पट्टा आठवडाभर विसरला की त्यावर हिरवी-पांढरी बुरशी येते. उष्णता आणि ओल ही जशी चामड्याची शत्रू, तशीच डीएनएचीही. प्राणी मेला की पेशीतली दुरुस्तीची यंत्रणा थांबते, जंतू कामाला लागतात, पाण्यामुळे डीएनएची लांब साखळी तुटत जाते आणि तिचे बारीक बारीक तुकडे उरतात. मोआच्याच हाडांवर २०१२ मध्ये हिशेब झाला : सरासरी तेरा अंश तापमानात डीएनएच्या ठरावीक लांबीच्या तुकड्यांपैकी निम्मे सुमारे ५२१ वर्षांत तुटतात. तापमान वाढले की हा वेग वाढतो. आपल्याकडे तेरा अंश ही थंडीच्या रात्रीची बातमी असते! सायबेरियाच्या कायम गोठलेल्या जमिनीतून दहा लाख वर्षांहून जुन्या मॅमथचा डीएनए मिळतो. कोकणातल्या जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत आणि चार महिन्यांच्या पावसात हाडच टिकणे मुश्कील, मग आतल्या रेणूचे काय?

अपवाद आहेत, आणि त्यातला एक महाराष्ट्राला लागून आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे एस. ए. साळी यांनी १९७० च्या दशकात उत्खनन केले. हे तेच पाटण, जिथे भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख डॉ. भाऊ दाजींना सापडला. तिथे साळींना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले, त्यांतल्या एकावर माणसाने कोरलेल्या रेघा होत्या. काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. खानदेशात शहामृग! अंड्याचे कवच दगडासारखे घट्ट असते आणि आतला डीएनए हाडापेक्षा चांगला जपते. राजस्थान आणि मध्य प्रदेशात मिळालेल्या अशाच कवचांतून हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर डीएनए मिळवला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध केले, की हा पक्षी आफ्रिकेतल्या आजच्या शहामृगाचा जवळचा नातेवाईक होता. त्याआधी कवचावरच्या सूक्ष्म छिद्रांची ठेवण पाहून अंदाज बांधावे लागत.

हे काम करताना काळजी किती घ्यावी लागते, त्याचा अंदाज आपल्याला करोनाच्या काळात आला आहे. नाकातल्या स्वॅबवर झालेली पीसीआर चाचणी म्हणजे डीएनएच्या मोजक्या तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढणे. जुन्या हाडांवर हेच तंत्र वापरले गेले, पण यंत्राला हाडाचा तुकडा आणि हाड हाताळणाऱ्याच्या घामाचा थेंब यांतला फरक कळत नाही. १९९४ मध्ये एका अमेरिकी गटाने आठ कोटी वर्षांपूर्वीच्या हाडातून डीएनए मिळवल्याचे जाहीर केले. डायनोसोरचा म्हणून गाजलेला तो डीएनए माणसाचा निघाला. आता प्रयोगशाळा वेगळ्या असतात, माणसे अंगभर झाकून काम करतात आणि तुकड्यांच्या टोकांवर जुनेपणाच्या खुणा तपासल्या जातात.

म्हणून उष्ण देशात नामशेष प्राण्याचा डीएनए शोधायचा तर जमिनीपेक्षा भरवशाची जागा म्हणजे संग्रहालय. या विद्येची सुरुवातच तिथे झाली. क्वागा हा अर्ध्या अंगावर पट्टे असलेला दक्षिण आफ्रिकेतला प्राणी. शेवटचा क्वागा १८८३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. १९८४ मध्ये त्याच्या वाळलेल्या कातड्यातून डीएनएचे २२९ अक्षरांचे तुकडे वाचले गेले, आणि नामशेष प्राण्याचा डीएनए वाचता येतो हे जगाला पहिल्यांदा समजले. स्वतंत्र प्रजाती मानला गेलेला क्वागा पुढच्या अभ्यासात मैदानी झेब्र्याचीच एक उपप्रजाती ठरला.

आता पुन्हा चित्त्याकडे.

चित्ता हा वर्गीकरण करणाऱ्याला अवघड प्राणी आहे, कारण जगातले सगळेच चित्ते एकमेकांसारखे आहेत. हजारो वर्षांपूर्वी त्यांची संख्या इतकी घटली की उरलेल्यांत जनुकीय विविधता फार कमी राहिली. १९८० च्या दशकात एका चित्त्याच्या कातडीचा तुकडा नात्यात नसलेल्या दुसऱ्या चित्त्यावर बसवला, तर शरीराने तो लगेच परका मानून नाकारला नाही! हे दाखवणाऱ्यांत स्टीफन ओब्रायन होते. २००९ मध्ये भारतात चित्ता आणण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा त्यांचेच मत पुढे करण्यात आले : आशियाई आणि आफ्रिकी चित्ते वेगळे होऊन जेमतेम पाच हजार वर्षे झाली, म्हणजे फरक नगण्य. प्रकल्पाच्या बाजूने हा आकडा पुष्कळ फिरला.

दोनच वर्षांनी, २०११ मध्ये, आजच्या चित्त्यांबरोबर संग्रहालयांतले आणि उत्खननांतले जुने नमुने तपासणारा अभ्यास आला. त्याने वेगळे होण्याचा काळ ३२ ते ६७ हजार वर्षांपूर्वीचा सांगितला. २०२० मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर प्रत्यक्ष भारतीय चित्त्याचेच अवशेष वाचले : कोलकात्याला प्राणिसर्वेक्षण संस्थेत ठेवलेले कातडे आणि म्हैसूरच्या संग्रहालयातले हाड. ही फाटाफूट आधी वाटली होती त्याहूनही जुनी आहे, असा त्यांचा निष्कर्ष आला. २०२२ मध्ये जगभरच्या चित्त्यांच्या जनुकसंचाची तुलना झाली, तेव्हाही आशियाई चित्ता वेगळाच उठून दिसला. थोडक्यात, कुनोत आलेला चित्ता चुलतभाऊ आहे, आणि तोही बराच लांबचा.

पण यावरून कुणी 'बघा, प्रकल्प चुकलाच' म्हणू लागला, तर त्यालाही मी थांबवीन. पाच हजार वर्षांचा आकडा सोयीचा होता तेव्हा एका बाजूने 'विज्ञान सांगते' म्हटले. साठ-सत्तर हजारांचा सोयीचा झाला तेव्हा दुसऱ्या बाजूने. डीएनए फक्त अंतर सांगतो, त्या अंतराचे काय करायचे ते सांगत नाही. शिवाय त्या अंतराच्या मोजपट्टीलाही मर्यादा आहेत. २०२० च्या अभ्यासात वाचला गेला तो पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए. तो फक्त आईकडून येतो, म्हणजे कुटुंबाची कथा निव्वळ आजी-पणजीच्या बाजूने ऐकल्यासारखे. आणि एक कातडे, एक हाड म्हणजे काही भारतभरचे चित्ते नव्हेत. पंजाबपासून दख्खनच्या माळरानांपर्यंत पसरलेल्या प्राण्याबद्दल आपण दोन साक्षीदारांवर बोलतो आहोत.

चित्ता हवाच असेल तर पर्यायही फारसे नव्हते. आशियाई चित्ते आता फक्त इराणमध्ये उरले आहेत, तेही मूठभर. सत्तरच्या दशकात इराणशी बोलणी झाली, ती फळाला आली नाहीत. या शतकाच्या सुरुवातीला सीसीएमबीने क्लोनिंगची कल्पना मांडली, तेव्हा इराणने नमुने द्यायला नकार दिला. आज तर त्यांच्याकडून एकही जनावर मागणे योग्य नाही. तेव्हा गवताळ माळरानाला पुन्हा एक वेगवान शिकारी मिळावा, म्हणून आफ्रिकी चित्ता आणून पाहणे हे धोरण म्हणून मांडता येते, त्यावर वादही घालता येतो. मला खटकतो तो फक्त 'परतला' हा शब्द. पाहुण्याला पाहुणा म्हटल्याने त्याचा अपमान होत नाही. पण गेलेल्याच्या नावाने त्याला हाक मारली, की गेलेला खरोखर गेला, हे आपण विसरतो.

ही सवय पसरते आहे. एप्रिल २०२५ मध्ये एका अमेरिकी कंपनीने दहा हजार वर्षांपूर्वी नामशेष झालेला 'डायर वुल्फ' परत आणल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात ती करड्या लांडग्याच्या चौदा जनुकांत वीस बदल करून जन्माला घातलेली पिल्ले होती. मजा अशी, की २०२१ मध्येच जुन्या हाडांच्या डीएनएने दाखवले होते, की डायर वुल्फ हा लांडगाच नव्हे. त्याची शाखा ५७ लाख वर्षांपूर्वीच वेगळी झाली होती. ज्या विज्ञानाने नाते तोडले, त्याच विज्ञानाच्या नावावर नाते विकले गेले.

मग आपण काय करायचे? माझ्या मते पहिले काम कपाटे उघडण्याचे आहे, आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर कोल्हापूरकडे पाहण्याचे. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते सोडून काळविटाची शिकार केली जाई. विसाव्या शतकात भारतातले चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूर, भावनगर अशा संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले. चित्त्याचे इतिहासकार दिव्यभानुसिंह यांच्या नोंदींनुसार १९१८ ते १९४५ या काळात असे किमान दोनशे चित्ते भारतात आले. म्हणजे आफ्रिकी चित्ता भारतात यायला २०२२ उजाडावे लागले नाही. दख्खनच्या माळावर तो शंभर वर्षांपूर्वीच साखळीने बांधून धावत होता.

याचा परिणाम मोठा नाजूक आहे. एखाद्या जुन्या वाड्यात, संस्थानिकांच्या किंवा महाविद्यालयाच्या संग्रहात चित्त्याचे कातडे किंवा कवटी असेल आणि त्यावर तारीख-ठिकाणाची चिठ्ठी नसेल, तर ते जनावर सोलापूरच्या माळावरचे की केनियातले, हे डोळ्यांनी सांगता येणार नाही. ते डीएनएच सांगू शकेल. आणि अशा नमुन्याला नुसते 'भारतीय चित्ता' म्हणून अभ्यासात घेतले, तर सगळे गणितच बिघडेल.

चिठ्ठीचे महत्त्व आपल्या राज्याने एकदा अनुभवले आहे. रानपिंगळा हा खानदेशातला लहानसा घुबडवर्गीय पक्षी. एकोणिसाव्या शतकात गोळा केलेले मोजके नमुने सोडले तर त्याचा पत्ता नव्हता. रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या इंग्रज पक्षीसंग्राहकाच्या संग्रहात १९१४ चा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून एक नमुना होता, त्यामुळे लोक तिकडे शोधत राहिले. पामेला रासमुसेन यांनी तपास केला, तेव्हा तो नमुना संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढत त्या सहकाऱ्यांसह खानदेशात आल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. ११३ वर्षांनी! हा खरा 'परतला'. पुढे २०१८ मध्ये भारतीय संशोधकांनी डीएनए वाचून त्याचे वेगळे वंशनाव काढले आणि त्याला आपल्या नेहमीच्या पिंगळ्याच्या वंशात बसवले. आज तो पनवेलहून फार लांब नसलेल्या तानसा अभयारण्यातही दिसतो.

खोटी चिठ्ठी दिशाभूल करते, पण हरवलेला नमुना तर तोंडच उघडत नाही. २६ एप्रिल २०१६ च्या रात्री दिल्लीतले राष्ट्रीय निसर्ग इतिहास संग्रहालय आगीत जळून गेले. मुंबईत बीएनएचएसकडे लाखाहून अधिक नमुन्यांचा, जतन केलेला, नोंदींसह संग्रह आहे, हे आपले भाग्य. पण शाळा-महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्र विभागांत फॉर्मॅलिनच्या बरण्या आणि भुसा भरलेली जनावरे दर पावसाळ्यात कुजतात. नॅक समिती येण्याआधी खोली रिकामी करायची म्हणून ती फेकली जातात, हे मी ऐकले नाही, पाहिले आहे. फॉर्मॅलिनमध्ये डीएनए खराब होतो, हे खरे. पण कोरडे कातडे, दात, कवटी, अंड्याचे कवच यांना टाकाऊ ठरवायचा अधिकार साफसफाईच्या यादीला नसावा.

वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अशा वस्तू बाळगायला मालकीचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे अनेक घराणी त्याविषयी बोलायला बिचकतात. वनविभागाने शिक्षेची भीती न घालता, कातडे आहे तिथेच ठेवून त्याची नोंद करणारी एक मोहीम घ्यावी : वस्तू काय, कुठून आली, कुणी कधी मारली याची घरात सांगितली जाणारी माहिती, जुने फोटो, आयातीची किंवा शिकारखान्याची कागदपत्रे. डीएनएची तपासणी त्यानंतर आणि सांभाळून, कारण नमुना घेणे म्हणजे त्याचा थोडा भाग कायमचा नष्ट करणे. एकाच तुकड्यासाठी चार प्रयोगशाळांनी चार वेळा कात्री लावू नये. तपासणीला फार लागत नाही. पंजाच्या गादीचा किंवा कातड्याच्या मागच्या बाजूचा नखाएवढा तुकडा पुरतो.